म्यूलूझचं कार म्युझियम: गाड्या बघायला गेलो आणि गिरणीत पोचलो

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला धाकट्या भावाकडे गेलो होतो, तिथून ट्रेनने अर्धा तासही लागत नाही, बॉर्डर ओलांडली की फ्रान्समधलं म्यूलूझ. इथलं नॅशनल ऑटोमोबाइल म्युझियम, म्हणजेच श्लुम्प्फ कलेक्शन. चारशेच्या वर गाड्या, त्यात बुगाटी या जुन्या फ्रेंच कंपनीच्याच शंभराच्या वर.

आत शिरल्यावर मला आधी गाड्या दिसल्याच नाहीत, दिव्यांचे खांबच दिसले. पॅरिसच्या अलेक्झांडर पुलावर आहेत ना तसलेच, आठशेच्या वर, आणि हे सगळं कुठे तर एका जुन्या लोकरीच्या गिरणीत! हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्प्फ हे दोघे भाऊ गिरणीमालक, धाकट्याला बुगाटीचं वेड, वर्षानुवर्षं गुपचूप गाड्या जमवत बसले, 1964 मध्ये तर अमेरिकेतल्या एका संग्राहकाच्या तीसेक बुगाटी एका फटक्यात आणल्या. मग धंदा बसला, कामगारांच्या नोकऱ्या जायला लागल्या आणि 1977 मध्ये चिडलेल्या कामगारांनी आत घुसून बघितलं तर हा खजिना. मालक तोवर पळून बाझेलला, म्हणजे मी सकाळी जिथून निघालो तिथेच. कामगारांनी जागा ताब्यात घेतली आणि दोन वर्षं स्वतःच लोकांना गाड्या दाखवल्या. 1978 मध्येच सरकारने संग्रहाला ऐतिहासिक वारसा ठरवलं, नाहीतर एकेक गाडी कुठेकुठे गेली असती.

आमचे आजोबा परळला गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. म्युझियम रीतसर उघडलं 1982 ला, आपल्याकडे गिरणी संप सुरू झाला तेच वर्ष. हे वाचून मी जरा वेळ गाड्या सोडून नुसता छपराकडे बघत उभा होतो.

आता गाड्या. सगळे बुगाटीच्या रॉयालसमोर फोटो काढतात, काढाच, 12.7 लिटरचं इंजिन, बनल्याच सहा आणि त्यातल्या दोन इथे. पण राजेमहाराजांसाठी म्हणून बनवलेली ही गाडी गिऱ्हाइकांनी घेतली फक्त तीन, मंदी आली आणि उरलेली इंजिनं शेवटी रेल्वेच्या डब्यांना लावली, हे मला गाडीपेक्षा जास्त आवडलं.

माझा जीव अडकला तो बुगाटीच्याच रेसिंगच्या टाइप 35 मध्ये. निळी, अंगाने बारीक, 1924 ला लिऑनच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरली, तिथे टायरनी दगा दिला. पण नंतर 1925 ते 1929 सलग पाच वर्षं सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत हिनेच मारली, 1929 ची पहिली मोनॅको ग्रां प्रीसुद्धा. चाकं नीट बघा, अॅल्युमिनियमची ओतीव, ब्रेकचा ड्रम चाकातच, चाक काढलं की ब्रेक समोर. आपला गॅरेजवाला बघून खूश होईल असं डोकं लावलंय!

एकच सांगतो, रेसिंगच्या गाड्या आधी बघून घ्या. मी सुरुवातीच्या गाड्यांचा एकेक बोर्ड वाचत बसलो आणि दोनशेव्या गाडीनंतर सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या, पाय गेले ते वेगळंच. अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

परतीच्या ट्रेनमध्ये भाऊ म्हणाला, दादा, आजोबांनी गिरणीतलं असं दार उघडलं असतं तर आत काय सापडलं असतं रे? मी म्हटलं, फार तर शेठची फियाट.