स्टिअरिंग सरळ करून १८,५०० घेतले, बिघाड मात्र होता तिथेच

जुनी टाटा ४०७ म्हणजे छोटा ट्रक, पिकअप, टिपर असलं काही चालवत असाल तर हे वाचा, गोव्यात असाल तर आधी वाचा, कारण चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की असले धंदे जोरात चालतात. गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगाकडे नेतोय म्हणून. आणि खरं सांगायचं तर नावापेक्षा त्याने काय केलं ते कळलं पाहिजे, ही ट्रिक त्याला एकट्यालाच येते असं अजिबात नाही.

माझी टाटा ४०७, जुनी, साधं स्टिअरिंग, पॉवर बिवर काही नाही. मालक मीच ड्रायव्हर मीच. बेळगावला भाजी भरायची, चोर्ला घाट उतरायचा आणि साखळी, डिचोली, म्हापसा करत माल टाकायचा. पावसात आपल्याकडे रस्त्याची कड कशी तुटते माहितीच आहे, समोरून बस आली की डावं चाक डांबराखाली उतरतं आणि परत वर चढताना धाडकन बसतं. त्यातच कधीतरी हे झालं असणार. गाडी सरळ चालली होती पण स्टिअरिंग उजवीकडे झुकलेलं, घड्याळाच्या बारावर पाहिजे ते जवळजवळ एकवर, आणि हात सैल सोडला की गाडी हळूच डावीकडे निघायची.

आधी अलाइनमेंटला नेली. त्यांनी टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते, सेट केला, कागद हातात दिला, स्टिअरिंग वाकडं ते वाकडंच. त्यावर त्याचं उत्तर, आमचं काम झालं, आता बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचा गिअरबॉक्स, बघून घ्या. इथे एक गोष्ट सांगतो जी मला नंतर मामाने सांगितली. कारला दोन बाजूला दोन टाय रॉड असतात, ते सारखे फिरवून स्टिअरिंग मध्ये आणता येतं. आपल्या ट्रकला पुढे अख्खा एक्सल, एकच लांब टाय रॉड, तो फिरवून फक्त टो बदलतो. स्टिअरिंग मध्ये आहे की नाही ते ठरतं ड्रॅग लिंकवर, म्हणजे बॉक्समधून खाली लोंबणाऱ्या ड्रॉप आर्मपासून चाकाच्या आर्मपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर. त्यामुळे अलाइनमेंट करूनही स्टिअरिंग वाकडं राहिलं यात नवल काही नाही, पण तेवढ्यावरून बॉक्स खराब असंही होत नाही ना.

तर गेलो या गॅरेजला, हायवेला लागून, बाहेर चार-पाच ट्रक उभे, म्हणजे चालणारं गॅरेज वाटलं. मालकाने मला सीटवर बसवलं आणि स्टिअरिंग थोडं थोडं इकडे तिकडे हलवायला लावलं, स्वतः खाली वाकून म्हणतो "पात्रांव, बघा, तुम्ही एवढं फिरवताय आणि चाक जाग्यावर, बॉक्स गेलाय." जुन्या साध्या स्टिअरिंगला थोडा प्ले, म्हणजे चाक न हलता स्टिअरिंग रिकामं फिरणं, असतोच हो. केंद्राच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांत सुद्धा स्टिअरिंगला ३० डिग्रीपर्यंत प्ले चालतो असं आहे. माझ्या गाडीचा त्याच्या अर्ध्यावर पण नव्हता. पण तो बोलतच सुटला, घाटात लॉक झालं तर काय कराल, चवथीच्या तोंडावर किट कुठे मिळत नाही, माझ्याकडे एकच शिल्लक आहे, आज हो म्हणा नाहीतर ते दुसऱ्याला जाईल. आता चवथीच्या आधीच्या आठवड्यात भाजीची गाडी उभी ठेवणं म्हणजे काय ते धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. बॉक्स काढून टेबलावर खोलावा लागतो, तुम्ही थांबून काय करणार म्हणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर स्टिअरिंग एकदम सरळ, आणि त्याने स्वतः बाजूला बसून मला चक्कर मारायला लावली, हात सोडा म्हणाला, सोडला, गाडी सरळ. पिशवीत काळे तेलकट जुने पार्ट दाखवले. बिल १८,५००, साध्या कागदावर, बॉक्स किट, सेक्टर शाफ्ट (बॉक्समधला ड्रॉप आर्म फिरवणारा दांडा), बेअरिंग, तेल, मजुरी. जीएसटीचं बिल मागितलं तर वर १८ टक्के पडतील म्हणाला.

माल भरून घाट उतरताना गाडी विचित्र लागायला लागली. स्टिअरिंग दिसायला सरळ पण सरळ रस्त्यावर आधीपेक्षा जास्त सैल, आणि वळणावर एका बाजूला जास्त फिरायचं, दुसऱ्या बाजूला कमी. मग पंक्चरवाल्याकडे हवा बघायला थांबलो तर तो विचारतो, पुढच्या उजव्या टायरात हवा मुद्दाम कमी ठेवलीय का? डाव्यात बरोबर, उजव्यात चांगलीच कमी. पंक्चर नाही, व्हॉल्व लीक नाही. दोन्हीकडे हवा सारखी केली आणि गाडी परत डावीकडे ओढायला लागली, पहिल्यासारखीच. तिथे माझं डोकं सटकलं. हवा कमी असते त्या बाजूला गाडी ओढते. ती डावीकडे जात होती म्हणून पठ्ठ्याने उजव्या टायरची हवा काढून तोल साधला होता, आणि ती तशी माल भरून घाटात पाठवली!

गाडी मामाकडे नेली. मामाचा टिपर होता खाणीवर, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा उभा राहिला, मग थोडा चालला, २०१८ ला परत बंद. तेव्हापासून गॅरेजवाल्याला दाराशी उभं न करता तो स्वतःच सगळं करायला शिकला. टॉर्च घेऊन खाली शिरला आणि दोन मिनिटांत बाहेर आला, म्हणाला "अरे, याने बॉक्सला हातच लावला नाही रे." मलाही खाली घेऊन दाखवलं. बॉक्सच्या चारही बोल्टवर लाल मातीचा आणि तेलाचा जुना थर, सुकून दगड झालेला, त्यावर पान्याची साधी खूण नाही. बॉक्स उतरवला असता तर तो थर फुटल्याशिवाय राहिला असता का? मग हॉर्नचं झाकण काढलं, तर स्टिअरिंगचा मधला नट मात्र चकचकीत, कोपरे ताजे घासलेले.

म्हणजे काम एवढंच. नट खोलायचा, स्टिअरिंग उपसायचं, ज्या दातेरी दांड्यावर ते बसतं त्यावर दोन दाते डावीकडे फिरवून परत बसवायचं. दहा-पंधरा मिनिटं. चाकं, एक्सल, बॉक्स सगळं होतं तसंच, फक्त आपल्या डोळ्यांना दिसणारं वर्तुळ सरळ केलं. बॉक्स हा बरोबर मध्ये सगळ्यात घट्ट असतो, म्हणजे सरळ रस्त्यावर प्ले कमी राहतो. माझा बॉक्स मधोमध नव्हताच, म्हणून सरळ जाताना तो त्याच्या ढिल्या भागात चालत होता. आधी स्टिअरिंग वाकडं दिसायचं, त्यावरून निदान कळायचं तरी की काहीतरी गडबड आहे. याने ती खूणच पुसून टाकली.

खरा बिघाड मामाने टेपने काढला. चाकं सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी माप घेतलं, डावीकडचं साधारण इंचभर कमी. एक्सल डावीकडे मागे सरकला होता. डाव्या पाट्यांखाली, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांखाली, बघितलं तर पाटे बसतात त्या जागेच्या पुढच्या कडेला चकाकणारी पट्टी, घासून घासून उघडं पडलेलं लोखंड, आणि पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट ढिले. पाटे उतरवले, सेंटर बोल्ट मधून तुटलेला, वरचा तुकडा पाट्यात, डोकं खाली एक्सलच्या भोकात. हा बोल्टच एक्सलला पाट्याखाली जाग्यावर धरतो. तो तुटला आणि यू बोल्ट ढिले असले की कडेवरून चाक आपटताना एक्सल मागे घसरतो, मग तिरक्या एक्सलवर गाडी सरळ ठेवायला स्टिअरिंग कायम उजवीकडे धरावं लागतं. नवा सेंटर बोल्ट, चार नवे यू बोल्ट (जुने ताणलेले असतात, परत वापरू नका म्हणाला मामा), मजुरी, सगळे मिळून साडेतीन हजारांच्या आत. स्टिअरिंग परत जुन्या दात्यांवर बसवलं आणि ते आपोआप मध्ये आलं. ड्रॅग लिंकला हात लावावा लागला नाही.

पिशवी घेऊन गॅरेजवर गेलो, मामा बरोबर. पिशवीतला सेक्टर शाफ्ट मामाने आधीच बघून ठेवला होता, तो कुठल्या तरी मोठ्या ट्रकचा, ४०७ च्या बॉक्सात शिरणारच नाही. मालक आधी म्हणाला पोराने चुकून दुसऱ्याची पिशवी दिली. मग बोल्टवरच्या मातीचे फोटो दाखवले तर म्हणतो आम्ही बॉक्स गाडीवरच खोलला. मग हवेचं विचारलं तर गप्प. शेवटी पाच हजार घ्या आणि विषय मिटवा. नाही घेतले.

आता तुमच्या गाडीचं स्टिअरिंग वाकडं झालं तर पैसे काढायच्या आधी हे बघा. डाव्या-उजव्या टायरांत हवा सारखी आहे का, पुढेही आणि मागेही. मग सपाट जागा, कारण आपल्याकडे रस्ता डावीकडे उतरता असतो, त्यावर चांगली गाडीही थोडी डावीकडे जाते. थोडं चालवून पुढच्या हबला हात जवळ नेऊन बघा, एकच बाजू जास्त तापत असेल तर ब्रेक धरतोय. नंतर टेप, दोन्ही बाजूंचं माप, ही गोष्ट कुणीच करत नाही आणि हिला एक पैसा लागत नाही. मापात फरक आला तर पाटे, सेंटर बोल्ट, यू बोल्ट, आणि पुढचा नाही तर मागचा एक्सलही सरकलेला असू शकतो. फरक नसेल तर ड्रॅग लिंकचे बॉल जॉइंट आणि ड्रॉप आर्मची खूण. ड्रॉप आर्म कधी काढला असेल तर तोही दाता चुकून बसलेला असतो. बॉक्सचा नंबर या सगळ्यानंतर. आणि कुणी बॉक्स खोलणार म्हणाला तर आधी बोल्टचे आणि स्टिअरिंगच्या मधल्या नटचे फोटो काढून ठेवा, किंवा बोल्टवर रंगाचा एक ठिपका मारा. त्याच्यासमोरच मारा, तोंड बघा त्याचं.

तक्रारीचं म्हणाल तर ट्रक धंद्याचा म्हणून ग्राहक कायदा लागत नाही असं मलाही एकाने सांगितलं होतं. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर २०१९ च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच. पाच लाखांपर्यंतच्या कामाला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करून तक्रार नोंदवता येते, मी ती नोंदवली. माझ्याकडे त्याचा साधा कागद आहे, यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद आहे, फोटो आहेत आणि तो भलत्याच ट्रकचा शाफ्ट आहे. शाफ्ट तो परत मागतोय, देणार नाही.