कोका-कोला ६००: तिकीट रविवारचं काढावं की शनिवारचं?

मे महिना लागला की कोल्हापुरातून बरेच आई-वडील अमेरिकेला लेकाकडे नाहीतर लेक-जावयाकडे निघतात. त्यातले जे नॉर्थ कॅरोलिनात उतरतात, त्यांना पोरं वॉशिंग्टन दाखवतात, नायगारा दाखवतात. शार्लटला खेटून असलेल्या कॉनकॉर्ड गावात त्याच दिवसांत नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतल्या गाड्यांच्या शर्यतींच्या मालिकेतली, सगळ्यांत लांब शर्यत ‘कोका-कोला ६००’ होते, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावात ज्यांचा जन्म मशीनवर गेला, त्यांनी तरी हा शनिवार-रविवार चुकवू नये. मात्र तिकीट काढायच्या आधी पुढचं वाचा, कारण पैसे पाण्यात जायच्या जागाही इथं बऱ्याच आहेत.

निकाल आधीच सांगतो. पहिल्यांदा जात असाल तर शनिवारचं तिकीट काढा. रविवारची ६०० मैलांची शर्यत पाहायची तर तीन गोष्टी हव्यात: वरच्या रांगेतली जागा, कानाला स्कॅनर (टीमचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं यंत्र) आणि सोमवार मोकळा. यातली एक जरी नसेल तर पाच तास आवाज ऐकून परत याल.

चेन्नई, कोइमतूर, नोएडा, आपल्याकडचे शर्यतीचे ट्रॅक सगळे डाव्या-उजव्या वळणांचे. राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या कोल्हापुरात झाल्या, तो ट्रॅकही तसाच. पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा मोठा ओव्हल, म्हणजे लांबट गोल ट्रॅक आहे, पण तो गाड्यांच्या चाचणीसाठी. त्यामुळे ‘नुसतं गोल गोल फिरतात, त्यात काय बघायचं’ हा प्रश्न हमखास येतो. शार्लटचा ट्रॅकही ओव्हलच, दीड मैलाचा, म्हणजे २.४ किलोमीटरचा. वळणावर रस्ता २४ अंशांनी आडवा उचललेला. पात्रता फेरीत गाडी साडेएकोणतीस सेकंदांच्या आसपास एक लॅप (ट्रॅकची एक फेरी) मारते, म्हणजे सरासरी २९० किलोमीटरच्या वर. वळण फक्त डावीकडे, म्हणून सगळा भार उजव्या बाजूवर, त्यातही पुढच्या उजव्या टायरवर. गाडीची जुळणीच डाव्या वळणाची असते, दोन्ही बाजूंच्या टायरची हवासुद्धा वेगळी. रविवारी ४०० लॅप होतात, ९६५ किलोमीटर. एवढ्या अंतरात त्या जुळणीत काय काय बिघडतं आणि ते पळत्या शर्यतीत कसं दुरुस्त करतात, बघायचं ते हे.

शर्यत संध्याकाळी सहाच्या सुमारास उन्हात सुरू होते आणि संपते दिव्यांखाली, रात्री साडेदहा-अकराला. तिथं सूर्य मावळतो साडेआठला. सुरुवातीला डांबर तापलेलं असतं, टायरची पकड कमी, गाडीचं मागचं अंग सुटायला बघतं. त्याला ते ‘लूज’ म्हणतात. अंधार पडला की डांबर थंड होतं, पकड वाढते आणि तीच गाडी पुढून वळेनाशी होते, म्हणजे ‘टाइट’. पहिल्या शंभर लॅपमध्ये जो उडत होता तो तिसऱ्या शंभरात पंधराव्या नंबरवर का गेला, याचं उत्तर नव्वद टक्के वेळा इथंच असतं. हुशार क्रू चीफ, म्हणजे टीमचा मुख्य मिस्त्री, सुरुवातीला गाडी मुद्दाम थोडी लूज ठेवतो, रात्रीचा विचार करून. ड्रायव्हर पहिला तासभर शिव्या घालतो, चीफ ऐकून घेतो.

दुरुस्तीला दोनच पटकन होणारे उपाय. एक, टायरची हवा, अर्धा-एक पीएसआयने वरखाली. दुसरा, ‘वेज’. मागच्या काचेत एक भोक असतं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात, गाडी थांबली की एक जण त्यातून लांब दांड्याचा पाना आत घालतो, मागच्या स्प्रिंगच्या स्क्रूवर बसवतो आणि अर्धा किंवा एक फेर देऊन पाना उपसतो. त्या फेऱ्याने पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक या कर्णावरचं वजन वाढतं किंवा कमी होतं. वाढवलं की गाडी टाइट, काढलं की लूज. समोरच्या स्टँडमध्ये दुर्बीण घेऊन बसलात तर कुठला पाना किती फिरला ते चक्क मोजता येतं, आणि पुढच्या दहा लॅपमध्ये त्याचा परिणामही दिसतो.

दुसरं काही न पाहता फक्त पिट पाहिला तरी तिकिटाचे अर्धे पैसे फिटतात. पिटच्या भिंतीवरून पाचच जण उतरतात: दोघे चाक खोलणारे, एक चाकं आणणारा, एक जॅकवाला, एक पेट्रोलवाला. जॅकवाला पळत उजव्या बाजूला येतो, जॅक लावून एका झटक्यात गाडीची ती बाजू उचलतो. पुढचा आणि मागचा गडी गन लावून नट सोडतात, जुनं चाक बाहेर, नवं आत, नट घट्ट. गाडी खाली. सगळे वळसा घालून डाव्या बाजूला. २०२२ पासून रविवारच्या गाडीला १८ इंची अॅल्युमिनियमचं चाक आणि मधोमध एकच नट आहे, त्यामुळे चारही चाकं नऊ-दहा सेकंदांत होतात. त्यामुळे आता उशीर लागतो तो पेट्रोलला. टाकी ७५ लिटरची, एक कॅन ४१-४२ लिटरचा आणि तो नुसत्या वजनाने ओतायचा, पंप नाही. म्हणून पुढे जायचं असेल तर क्रू चीफ टाकी पूर्ण भरतच नाही. दोन गाड्यांचे टायर एकाच वेळी झाले आणि एक आधी सुटली, तर तिच्यात पेट्रोल कमी पडलंय असं समजा. ती पुढच्या वेळी आधी पिटला येणार. नट नीट न बसता गाडी सुटली की चाक निखळतं, त्याची शिक्षा फार कडक आहे.

टायर फुटण्याचं कारणही हवेतच. पकड मिळावी म्हणून काही टीम डाव्या मागच्या टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या किमान आकड्याच्याही खाली नेतात. या नव्या टायरची भिंत बुटकी. कमी हवेत ती सारखी दुमडते, तापते आणि एकदम सोडून देते. २०२२ च्या शर्यतीत आपटाआपटी इतकी झाली की १८ वेळा पिवळा झेंडा (सगळ्यांनी हळू चालवण्याची खूण) पडला आणि जादा लॅप धरून ४१३ लॅप, ६१९.५ मैल झाले. नॅस्कारच्या इतिहासात अंतराने ती सर्वांत लांब शर्यत. २०२५ ला रॉस चॅस्टेन या ड्रायव्हरची गाडी सरावात टायर जाऊन भिंतीवर आदळली. टीमने राखीव गाडी रात्रभर जागून जुळवली, तो सगळ्यांत मागून, ४० व्या जागेवरून सुटला आणि शेवटच्या सहा लॅपमध्ये पुढे येऊन जिंकला. नादखुळा काम! पण जिंकली ती रात्रपाळी.

हे सगळं कळतं ते कानाने. प्रत्येक ड्रायव्हर, त्याचा क्रू चीफ आणि स्टँडच्या छतावर उभा राहून आजूबाजूच्या गाड्या सांगणारा स्पॉटर यांचं बोलणं उघड्या रेडिओवर चालतं. ट्रॅकवर स्कॅनर आणि हेडफोन भाड्याने मिळतात. तो घ्याच, जेवणात काटकसर करा. फोनवरच्या अॅपमध्येही ही सोय आहे, पण हजारो लोक एकाच टॉवरवर असले की ते अडकत चालतं. तीन-चार ड्रायव्हर निवडा, सगळे ऐकू नका. ‘इनसाइड’, ‘आउटसाइड’, ‘क्लिअर’ एवढे स्पॉटरचे शब्द आणि लूज-टाइट समजलं की पुरे. स्कॅनर नसला तरी कानाला इअरप्लग हवेतच. कापसाचे बोळे कामाचे नाहीत. लहान मुलांना कानावर बसणारे मोठे मफ घाला.

जागेबद्दल. खासबागेत कुस्ती बघताना हौद्याच्या जवळची जागा सगळ्यांत भारी, इथं बरोबर उलट. खालच्या दहा-बारा रांगांतून समोर जाळी, मधल्या मैदानातले ट्रेलर आणि नाकासमोरून सटकणारे रंग, एवढंच दिसतं. पलीकडची सरळ बाजू दिसतच नाही. रबराचा चुरा अंगावर येतो तो वेगळा. शक्य तितकं वर चढा, आणि चौथ्या वळणातून बाहेर पडणारा भाग व पिटची तोंडं दिसतील अशी जागा घ्या. पलीकडे २०० फूट रुंद आणि ८० फूट उंच पडदा आहे, तो सगळीकडून दिसतो. ज्येष्ठांसाठी एवढंच की पायऱ्या खूप आहेत. गुडघे बोलत असतील तर तिकीट काढतानाच लिफ्टची सोय असलेला भाग विचारून घ्या.

आता शनिवार का. त्या दिवशी दुसऱ्या फळीची ३०० मैलांची शर्यत असते, २०० लॅप, अडीच-तीन तासांत आटोपते, तिकीटही स्वस्त. गेल्या काही वर्षांत रविवारच्या गाड्यांचा सराव आणि पात्रता फेरीही शनिवारीच झाली, म्हणजे दोन्ही प्रकारच्या गाड्या एका दिवसात. वेळापत्रक दरवर्षी थोडं हलतं, तेवढं तपासा. आपल्या मिस्त्री मंडळींना तर शनिवारचीच गाडी जवळची वाटेल: मागे सलग अॅक्सल, चार गिअर, १५ इंची लोखंडी चाक आणि पाच नट. गन पाच वेळा वाजते तो आवाज रविवारी आता ऐकू येत नाही. इंजिन दोन्हीकडे ५.८६ लिटरचं व्ही-८, पुशरॉडवालं. फौंड्रीवाल्यांसाठी एक खास माहिती: रविवारच्या गाडीचा ब्लॉक कॉम्पॅक्टेड ग्रॅफाइट आयर्नचा ओतीव असतो. ६७० हॉर्सपॉवर आणि ९६५ किलोमीटर झेलणारा तो बिडाचाच भाऊबंद. शुक्रवारी ट्रकची शर्यत असते. वेळ असला तर बघा, नसला तर सोडा.

पावसाचं नीट समजून घ्या. मेअखेर तिथं दुपारनंतर गडगडाटी सरी येतात. गुळगुळीत टायरवर या वेगाने ओल्या ओव्हलवर शर्यत होत नाही. सर थांबली की वाळवणारी यंत्रं फिरतात, पण दीड मैलाचा ट्रॅक कोरडा व्हायला दोनेक तास धरा. शर्यत निम्मी, म्हणजे २०० लॅप व्हायच्या आत धुतली गेली तर उरलेली दुसऱ्या दिवशी, तुमचं तिकीट चालतं. निम्मी झाल्यावर थांबवली तर तोच निकाल, पैसे परत नाहीत. २०२३ ची शर्यत सोमवारी झाली, २०२४ ची २४९ लॅपवर संपली. सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते, लेका-सुनेला रजा काढावी लागत नाही. तुम्ही मात्र परतीचं विमान मंगळवारच्या आधीचं काढू नका.

ट्रॅकवरचं खाणं महाग आणि एकसुरी. बर्गर, हॉट डॉग, तळलेले बटाटे. पण बाहेरचं जेवण आत न्यायला परवानगी आहे, काचेची बाटली सोडून. पिशवी किंवा कूलर मऊ हवा, तिन्ही बाजूंनी साधारण १४ इंचांच्या आत. चपाती, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी आरामात बसते. रस्सा घरी ठेवा. पार्किंगला साध्या जागेचे पैसे नाहीत, पण शर्यत संपल्यावर गाडी बाहेर काढायला तास-दीड तास सहज. उरलेलं जेवण त्या वेळेसाठी राखा.

खटकणारं म्हणाल तर लांबी. शंभर-शंभर लॅपचे चार टप्पे, प्रत्येकाच्या शेवटी पिवळा झेंडा आणि रेंगाळणं. तिसरं शतक बहुतेकदा कंटाळवाणं, तेव्हाच पाय मोकळे करायला उठा. दुसरं संपताना मात्र जागेवर असा. सगळ्या गाड्या पिट रोडवर येऊन इंजिनं बंद करतात आणि युद्धात गेलेल्या जवानांसाठी स्तब्धता पाळली जाते. प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर एकेका जवानाचं नाव असतं. त्या वेळी फोनवर बोलणारा एकटा माणूस सगळ्या स्टँडला दिसतो.

दिवस हातात असेल तर शार्लट शहरातलं नॅस्कार हॉल ऑफ फेम बघा, हळूहळू आडव्या उचलत जाणाऱ्या रस्त्यावर मांडलेल्या १८ गाड्यांसाठी. ट्रॅकपासून जवळच हेंड्रिक टीमचं संग्रहालय आहे, उघडण्याच्या वेळा पाहून जा.

आणि मे जमत नसेल तर ऑक्टोबर आहे. २०१८ ते २०२५ त्या शर्यतीत रस्त्याचा काही भाग मधल्या मैदानातून जायचा, २०२६ पासून ती परत पूर्ण ओव्हलवर, ४०० मैलांची. ऊन कमी आणि दोनशे मैल कमी. घरी कोल्हापुरात बसून ६०० बघायची तर गजर सोमवारी पहाटे साडेतीनचा लावा.