वाडगा कोरायला लाकूड ओलं की सुकं?

ओंडक्यातून हाताने वाडगा कोरायचा, तर माझं मत ओल्या लाकडाच्या बाजूने. नुकत्याच कापलेल्या ओंडक्यात वाकस (आडव्या पात्याचं, कुदळीसारखं तासायचं हत्यार) सहज रुततो, गोल पटाशीखाली लांब, मऊ ढलप्या निघतात आणि मनगटं शाबूत राहतात. सुकलेलं कठीण लाकूड तेच काम दुप्पट जोराने करून घेतं, धार सारखी लावावी लागते. शिवाय जाड लाकूड सुकायलाच किती वेळ! दर इंच जाडीला साधारण 1 वर्ष, हा सुतारांचा ढोबळ हिशेब.

ओल्याची खरी परीक्षा कोरून झाल्यावर असते. लाकडातला ओलावा 30 टक्क्यांच्या खाली उतरला की ते आकसू लागतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही: वर्षवलयांच्या दिशेने जास्त, गाभ्याकडून सालीकडे जवळपास निम्मंच. म्हणून गोल वाडगा किंचित लंबगोल होतो. (मला तो तसाच आवडतो.) तडा मात्र टाळायला हवा. ओंडका उभा चिरून गाभा आधीच काढून टाका. तो राहिला तर तडा जवळपास ठरलेलाच. कडा नि तळ शक्यतो सारख्या जाडीचे ठेवा आणि वाडगा कागदी पिशवीत, त्याच्याच ढलप्यांत पुरून काही आठवडे सावकाश सुकू द्या. शेवटचा हात त्यानंतर.

सुकं लाकूड घ्यावं ते झाकण नेमकं बसवायचं असेल किंवा काठावर बारीक नक्षी हवी असेल तेव्हा. आकार हलत नाही, आधीच्या चिरा डोळ्यांना दिसतात.