आधी वीण, मग लोकर: रविवार कारंजाजवळच्या दुकानाविषयी

नाशिकमध्ये रविवार कारंजा आणि मेन रोड यांच्यामधल्या एका अरुंद गल्लीत असलेल्या या लोकरीच्या दुकानात मी गेली सहा वर्षे खरेदी करते आहे. तिथल्या लोकरीचे अकरा मफलर, दोन शाली आणि भाच्यांच्या टोप्या विणून झाल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे, त्यामुळे तो एखाद्या दिवसाच्या अनुभवावर बेतलेला नाही. दुकान अगदी लहान आहे. तीन गिऱ्हाइके एकदम आली तर चौथीला पायरीवर थांबावे लागते. तरीही मफलरसाठी लोकर कुठे घ्यावी असे कोणी विचारले, तर मी सर्वांत आधी हेच दुकान सांगते. दुकानदार काका कपाटातला गुंडा काढण्यापूर्वी गिऱ्हाइकाला दोन गोष्टी विचारतात: मफलर कुणासाठी आहे आणि वीण कोणती घालणार. रंगाचा विषय त्यानंतर निघतो.

हे दोन प्रश्न किती महत्त्वाचे आहेत, हे मला तिसऱ्या वर्षी कळले. माझे धाकटे दीर निफाडला द्राक्षबाग सांभाळतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा दहा अंशांच्या पुष्कळ खाली उतरतो, शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीची असते, आणि थंडी फारच वाढली तर बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून घडांना ऊब द्यावी लागते. अशा रात्री कानाला गुंडाळण्यासाठी भाऊजींना मफलर विणायचा होता. मी दुकानात गेले ती मनाशी रंग ठरवून गेले होते, आणि समोरच्या फळीवरचा गडद तपकिरी गुंडा हातात घेऊन चार गुंडे बांधून द्या म्हणाले. काकांनी नेहमीप्रमाणे कुणासाठी ते विचारले. मी शेकोटीचा उल्लेख करताच त्यांनी तो गुंडा माझ्या हातातून परत घेतला आणि म्हणाले, "ताई, हा ॲक्रिलिक आहे. विस्तवाजवळ बसणाऱ्या माणसाला हा देऊ नका."

मग त्यांनी दोन धागे तोडले, एक त्या गुंड्याचा आणि एक वरच्या कप्प्यातल्या मेंढीच्या लोकरीचा, आणि दुकानाबाहेर पायरीवर चिमट्यात धरून दोन्हींना काडी लावून दाखवली. ॲक्रिलिकचा धागा भुरकन पेटला, वितळून आखडला आणि त्याच्या टोकाशी काळा, कठीण मणी तयार झाला, जो गार झाल्यावर नखानेही फुटेना. लोकरीचा धागा ज्योतीत कुरळला, जळक्या केसांचा वास आला, पण काडी बाजूला नेताच तो आपोआप विझला आणि बोटांत चोळल्यावर त्याची राख झाली. लोकर मुळात केसांसारखीच प्रथिनांची बनलेली असते, तिच्यात नत्राचे प्रमाण बरेच असते आणि ती हवेतला ओलावा धरून ठेवते, म्हणून ती सहज पेट घेत नाही. ॲक्रिलिक हा खनिज तेलापासून बनवलेला कृत्रिम धागा असल्यामुळे तो पेटतो आणि वितळून कातडीला चिकटू शकतो. ठिणगी उडणाऱ्या जागी हा फरक जिवाभावाच्या माणसाच्या गळ्याशी संबंधित आहे. मी त्या दिवशी अंदाजाच्या तिप्पट पैसे देऊन लोकर घेतली, आणि त्याची मला आजही खंत वाटत नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. आपल्याकडे विणकामाच्या कोणत्याही धाग्याला सरसकट 'लोकर' म्हणण्याची पद्धत आहे. फलकावर लोकर, बिलावर लोकर आणि पिशवीत मात्र शंभर टक्के ॲक्रिलिक, असे बाजारात सर्रास घडते, आणि यात दरवेळी फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. शब्दच तसा रुळला आहे. याच कारणाने मी पूर्वी एकदा दुसरीकडून, घरपोच मागवलेल्या 'मऊ लोकरी'चा मफलर वडिलांसाठी विणला होता. तो दोन धुण्यांत गोळ्यांनी भरला आणि वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचल्यावर त्यात लोकरीचा अंशही नसल्याचे लक्षात आले. या दुकानात प्रत्येक कप्प्यावर 'ॲक्रिलिक', 'मिश्र', 'मेंढीची लोकर', 'सुती' अशा चिठ्ठ्या मराठीत डकवलेल्या आहेत. एवढी साधी सोय मला शहरात इतरत्र आढळलेली नाही.

ॲक्रिलिक वाईट असते असे मात्र मी म्हणणार नाही, आणि काकाही म्हणत नाहीत. शाळेत जाणाऱ्या मुलाचा मफलर रोज मळतो आणि घाईत यंत्रात टाकला जातो. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की तिच्या तंतूंवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात आणि मफलर आटून नमद्यासारखा घट्ट होतो, तर ॲक्रिलिकला असे काही होत नाही. त्याला कसरही लागत नाही. लहान मुलांसाठी मी आजही तेच घेते, फक्त धागा निवडताना तो दोन बोटांत चोळून पाहते: पीळ सैल असेल आणि लगेच तंतू सुटू लागले तर त्याचे गोळे होणार हे ठरलेले. मऊपणाची परीक्षा तळहातावर करू नये, हेही मला याच दुकानात शिकायला मिळाले. तळहाताची कातडी जाड असते. धागा मानेला, कानाच्या मागे लावून पाहावा. साधारणपणे ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोके कातडीला टोचतात. मेरिनो मेंढीची लोकर २४ मायक्रॉनच्या आत असल्यामुळे गळ्याला सोसते, आणि आपल्या दख्खनी मेंढीची भरड लोकर घोंगडीसाठी उत्तम असूनही उघड्या मानेवर सहन होत नाही.

या दुकानाची सर्वांत मोलाची वस्तू विक्रीसाठी नाही. गल्ल्यामागच्या भिंतीवर एका दोरीला तळहाताएवढ्या विणलेल्या पट्ट्या चिमट्यांनी अडकवलेल्या आहेत. त्या काकांच्या सुनेने विणल्या आहेत, आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की एकच वीण चार-पाच वेगवेगळ्या धाग्यांत विणून त्या शेजारी शेजारी लावल्या आहेत. पुस्तकातले चित्र पाहून धागा निवडणाऱ्या प्रत्येकीने त्या दोरीसमोर दहा मिनिटे उभे राहावे. जाळीची वीण तिथे एका साध्या फिक्या रंगाच्या धाग्यात आहे आणि दर काही टाक्यांनंतर रंग बदलणाऱ्या धाग्यातही आहे. दुसऱ्या पट्टीत जाळी आहे हे सांगितल्याशिवाय समजत नाही, कारण नजर भोकांवर न टिकता रंगांबरोबर धावते. केसाळ मोहेरमध्ये, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या धाग्यात, विणलेली वेणी दुरून नुसता फुगवटा वाटते, आणि तीच वेणी चार पदरी, गोल पिळाच्या धाग्यात अशी उठून दिसते की बोटाने तिचे पेड मोजता यावेत. दोन पदरी धाग्याचे पदर टाक्यात किंचित बाजूला सरकतात आणि जाळीची भोके उघडी ठेवतात, म्हणून जाळीसाठी तो बरा. अधिक पदरांचा गोल धागा भोके बुजवतो, पण वेणी आणि उठावाच्या विणीला तोच शोभतो.

त्याच दोरीवर एक गुंडाळी झालेली पट्टी आहे आणि ती मुद्दाम तशीच ठेवली आहे. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी नुसती सपाट वीण विणली की तिच्या उभ्या कडा मागे वळतात आणि मफलरची नळी होते. पहिल्यांदा मफलर विणणाऱ्या बहुतेक जणी हीच वीण निवडतात, कारण स्वेटरमध्ये ती सुंदर दिसते. मफलरच्या दोन्ही बाजू दिसतात आणि त्याला कडेची शिवण नसते, म्हणून त्यासाठी सगळ्या ओळी सुलट, किंवा दोन सुलट-दोन उलट अशी पट्ट्यांची वीण घ्यावी. दोन्ही अंगांनी समतोल असल्यामुळे ती कडेला वळत नाही. भाऊजींसाठी मी पट्ट्यांचीच वीण घेतली, कारण ती ताणली जाऊन कानांभोवती घट्ट बसते. सुनेने मला आधी त्याच विणीचा नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजायला सांगितले. नमुन्यात १० सेंटीमीटरला २४ टाके भरले, म्हणून २० सेंटीमीटर रुंदीसाठी ४८, आणि दोन्ही कडा सारख्या दिसाव्यात म्हणून आणखी २, असे ५० टाके घातले. न धुतलेल्या नमुन्यावर विश्वास ठेवणे धोक्याचे असते, कारण लोकर पहिल्या पाण्यानंतर सैलावते. खवले काढून यंत्रात धुण्याजोगी केलेली लोकर तर ओली असताना चांगलीच लांबते.

आता उणिवांविषयी. दुकानात दिवसाचा उजेड जवळजवळ येतच नाही आणि नळीच्या दिव्याखाली रंग बदललेले दिसतात. मी डाळिंबी समजून घेतलेली लोकर घरी गच्चीवर विटकरी निघाली होती. तेव्हापासून मी प्रत्येक गुंडा पायरीवर नेऊन पाहते आणि त्याला काका हरकत घेत नाहीत, पण एक चांगला दिवा बसवणे त्यांना अशक्य नाही. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. वेष्टन असलेल्या गुंड्यांवर रंगाच्या खेपेचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा, क्रमांक छापलेला असतो. सुट्या लड्यांवर तो नसतो, आणि हे दुकान सुट्या लड्या बऱ्याच विकते. एका वर्षी मला एक लडी कमी पडली, पंधरा दिवसांनी तोच रंग म्हणून दुसरी आणली आणि मफलरच्या शेवटच्या हातभर भागात सावळेपणाची स्पष्ट रेघ उमटली. तो भाग उसवून, दोन ओळी जुन्या आणि दोन ओळी नव्या लोकरीच्या अशा आलटून पालटून विणल्यावर फरक मिसळला, पण आठवडाभराचे काम वाया गेले. निदान लड्यांच्या गठ्ठ्यांना तारखेची चिठ्ठी बांधावी, असे मी काकांना सुचवले आहे. अजून तसे झालेले नाही. खरेदी करणाऱ्यांनी २० सेंटीमीटर रुंद आणि दीड मीटर लांब मफलरसाठी मध्यम जाडीचा धागा साधारण २०० ग्रॅम, आणि वेणी घालायची असेल तर आणखी एक गुंडा, हे सगळे एकाच वेळी घ्यावे. मात्र वजनापेक्षा वेष्टनावरचे मीटर पाहावेत, कारण तितक्याच वजनाचा सुती धागा लांबीला बराच कमी भरतो.

सुयांचा साठाही तोकडा आहे. जुन्या क्रमांकांच्या सुया मिळतात, ज्यांत क्रमांक वाढला की सुई बारीक होते, आणि पुस्तकातील मापे मात्र मिलिमीटरमध्ये असतात. ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची आणि १० क्रमांकाची सव्वातीन मिलिमीटरची, हा हिशेब घरून लिहून न्यावा. ५ मिलिमीटरपेक्षा जाड सुया मला तिथे एकदाही मिळाल्या नाहीत.

नाशिकच्या हवामानाचा विचार या दुकानातल्या मालात दिसतो आणि मला ते विशेष आवडते. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे गंगापूर रोडवर दुचाकी चालवताना बोटे बधिर होतात आणि दुपारी बारा वाजता तोच मफलर नकोसा होऊन पिशवीत जातो. बर्फाळ प्रदेशांसाठी लिहिलेल्या नमुन्यांतला जाडजूड धागा इथे निरुपयोगी ठरतो. काका बारीक, तीन पदरी मिश्र लोकर पुढे करतात, जिचा मफलर घडी करून पर्समध्ये मावतो. सुती धाग्याबद्दलही त्यांनी मला वेळीच सावध केले: सुताला लवचिकपणा नसतो, त्यामुळे त्यात विणलेल्या पट्ट्या ताणल्यावर परत आखडत नाहीत आणि मफलर स्वतःच्या भाराने लोंबत जातो. उन्हाळ्यात डोक्यावर घ्यायला मात्र सुती जाळीचा स्कार्फ चांगला होतो.

दुकानात दुचाकी लावायला जागा नाही, त्यामुळे चालत जावे. नोव्हेंबर संपण्यापूर्वी गेल्यास रंगांची निवड भरपूर मिळते. घेतलेला माल परत घेत नाहीत, पण न उघडलेला गुंडा महिन्याच्या आत बदलून देतात.

भाऊजींच्या मफलरला आता तीन हिवाळे झाले. मागच्या जानेवारीत बागेत शेकोटीची ठिणगी त्याच्यावर पडली, आणि तो दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला. जळालेली जागा बोटाने चोळली तेव्हा थोडी राख झडली आणि खाली दोन टाके तुटलेले दिसले; आजूबाजूची वीण शाबूत होती. त्याच लडीतली उरलेली लोकर मी कडुनिंबाच्या पाल्यात बांधून ठेवली होती. तिचा हातभर तुकडा कापून टाके पुन्हा उभे केले आणि संध्याकाळच्या बसने मफलर निफाडला परत पाठवला.