रत्नागिरीतली बॉक्सिंगची तालीम, गिरणगावच्या शिस्तीची

मांडवीच्या बाजूला एका जुन्या कौलारू वखारीत चालणारी ही बॉक्सिंगची व्यायामशाळा लहान असली, तरी तिची शिस्त थेट मुंबईच्या गिरणगावातून आलेली आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या, तशी अनेक कोकणी कुटुंबे गावी परतली. येथील प्रशिक्षक अशाच एका गिरणी कामगाराचे चिरंजीव असून लालबागेत शिकलेले आहेत.

त्यामुळे येथे पहिल्याच दिवशी ग्लोव्हज हाती मिळत नाहीत. मनगट आणि बोटांचे सांधे पट्टीने नीट बांधणे, पायांची ठेवण आणि दोरीच्या उड्या हे सारे पक्के झाल्यावरच सरावाच्या पिशवीसमोर उभे राहता येते. ३ मिनिटांची फेरी आणि १ मिनिट विश्रांती हा क्रम घंटेवर काटेकोर पाळला जातो. दातांचे कवच नसेल, तर कितीही विनवणी केली तरी सर कोणालाही समोरासमोरच्या लढतीस उतरवत नाहीत, आणि माझ्या मते हीच या जागेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला बॉक्सिंगचा प्रथमच समावेश झाला आणि मेरी कोमने कांस्यपदक मिळवले. येथे मुलींना स्वतंत्र, सौम्य वर्ग नाही. त्या त्याच घंटेवर, तितक्याच कसून सराव करतात, हे पाहून मनापासून समाधान वाटते.

उणीव हवेशीरपणाची आहे. पावसाळ्यात सामायिक ग्लोव्हज वाळत नाहीत आणि त्यांना बुरशी लागते, म्हणून स्वतःचे ग्लोव्हज व पट्ट्या घेऊनच जावे.