मोका येथील अभिलेखसंग्रह आणि गंगा तलावाची पायी यात्रा: मॉरिशसमध्ये पूर्वज शोधणाऱ्यांसाठी अभिप्राय

"खापरपणजोबांचा भाऊ मुंबईहून जहाजाने मॉरिशसला गेला, तो परत आला नाही." एवढीच आठवण उरलेली बरीच घरे कोकणात आहेत. अशा कुटुंबांसाठी मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील भारतीय स्थलांतरितांच्या नोंदींचा संग्रह ही सर्वांत भरवशाची सेवा आहे, असे तेथे जाऊन आल्यावर माझे ठाम मत झाले आहे. मात्र संग्रहाकडे जाण्यापूर्वी राजधानी पोर्ट लुईच्या बंदरावरील आप्रवासी घाट, म्हणजे भारतीय मजुरांना उतरवून घेण्याचे ठिकाण, पाहून घ्यावा, कारण नोंदवहीतील बहुतेक माणसे जेथून बेटावर आली, ती ही जागा आहे.

2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलस' जहाजातून 36 मजूर या बेटावर उतरले आणि पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत भारतातून जवळजवळ पाच लाख माणसे करारावर येथे आली. घाटावरील वास्तू 1849 मध्ये उभी राहू लागली. 2006 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज उरले आहेत ते दवाखान्याचे, स्वयंपाकघराचे व निवाऱ्यांचे अवशेष आणि समुद्राकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या. सगळा परिसर जेमतेम 1,640 चौरस मीटरचा असला, तरी तो घाईने पाहू नये. शेजारचे माहिती केंद्र उत्तम आहे: भरती कशी होत असे, करार कसा असे, महिना पाच रुपये वेतनाबरोबर शिधा किती मिळे, हे तेथे नीट समजते आणि पुढे मोक्याच्या नोंदी वाचताना त्याचा फार उपयोग होतो.

मोक्याच्या संग्रहातील नोंदवह्यांत जहाज, आगमनाची तारीख, नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव आणि ज्या उसाच्या मळ्यावर पाठवणी झाली त्याचे नाव असा तपशील आढळतो. 1860 च्या दशकापासून मजुरांची छायाचित्रेही घेतली जाऊ लागली. या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे उतरताक्षणी प्रत्येकाला मिळालेला स्थलांतरित क्रमांक. तो हाती असला की शोध सोपा होतो. मॉरिशसमधील वंशज जन्म, विवाह व मृत्यूच्या दाखल्यांवरून मागे मागे जात या क्रमांकापर्यंत पोहोचतात. आपल्याला मात्र उलट दिशेने, म्हणजे गावाकडून क्रमांकाकडे जावे लागते, आणि खरी कसोटी येथेच लागते. आडनाव घेऊन जाणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता अधिक, कारण ते बहुधा लिहिलेलेच नसते. पुढच्या पिढ्यांत अनेकदा वडिलांचे किंवा आजोबांचे नावच आडनाव झाले. गावांची नावे कारकुनाच्या कानावर जशी पडली तशी रोमन लिपीत उतरली आहेत. म्हणून मूळ पुरुषाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, गाव, जुना तालुका आणि अंदाजे दशक एवढे घरातील वृद्धांकडून, कुलवृत्तांतातून किंवा जुन्या जमिनीच्या कागदांतून आधी गोळा करावे, आणि नात्याचा जो काही पुरावा असेल तो जोडून संस्थेशी अगोदरच पत्रव्यवहार करावा. आमच्या शोधात नाव आणि वडिलांचे नाव जुळणाऱ्या एकाहून अधिक नोंदी निघाल्या व गावाच्या नावावरून त्यांतील एकच उरली. तरीही तो माणूस "बहुधा आमचाच" यापलीकडे जाण्याचा मला अधिकार नाही, आणि नोंदीतून याहून मोठी खात्री मिळेल अशा अपेक्षेने कोणी जाऊही नये.

संस्थेच्याच आवारात स्थलांतरितांच्या लोकजीवनाचे संग्रहालय आहे, तेही पाहावे. पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, विशेषतः कास्कावेल गावात, मराठी वंशाची कुटुंबे राहतात. गणेशचतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि आपल्या जाखडीचे सख्खे भावंड वाटावे असा झाकरी नाच मराठी मंडळींनी तेथे टिकवला आहे. वंशजांपैकी अनेकांची घरची भाषा आता क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली स्थानिक बोली आहे, हे ध्यानात ठेवून गाठीभेटी ठरवाव्यात.

प्रवास महाशिवरात्रीच्या सुमारास आखला तर गंगा तलावाची पायी यात्रा अवश्य करावी. ग्राँ बासँ हे मूळ नाव असलेला हा तलाव ज्वालामुखीच्या विवरात आहे. 1890 च्या दशकाच्या अखेरीस त्रियोले गावच्या एका पुजाऱ्याला त्याचे स्वप्न पडले, त्यानंतर 1898 मध्ये पहिली यात्रा निघाली, अशी परंपरा सांगतात. 1972 मध्ये त्यात गंगाजल मिसळण्यात आले. आता बेटाच्या कानाकोपऱ्यातून पांढऱ्या वेशातील लोक सजवलेल्या कावडी घेऊन चालत येतात आणि तलावाचे पाणी नेऊन आपापल्या गावातील शिवालयात वाहतात. पंढरीच्या वारीतील दिंड्यांची शिस्त आणि अभंगांची लय येथे नाही. तरुणांचे गट आपापल्या वेगाने, कधी मोठ्या आवाजातील संगीतासह चालतात, आणि ते मला थोडे खटकले. परंतु रस्त्याच्या कडेला मांडव घालून पाणी, चहा, फळे आणि जेवण देणाऱ्या कुटुंबांचे आतिथ्य पाहून मन भरून येते. कोण कोठला, हे विचारल्याशिवाय ते हातात जेवणाचे पान ठेवतात. ज्या मळ्यांची नावे नोंदवहीत वाचली, त्यांच्याच मुलखातून, उसाच्या शेतांमधून चालताना पूर्वज येथे कसे रुजले याची जी समज येते, ती मोटारीने तलावापर्यंत जाऊन 33 मीटर उंचीच्या मंगल महादेवाचे दर्शन घेऊन परतणाऱ्याला येणार नाही.

हे दिवस उन्हाळ्याचे आणि चक्रीवादळांच्या मोसमाचे असतात. किनाऱ्यावर घाम निघतो, तर तलावाच्या उंचीवर धुके आणि पाऊस गाठतो, तेव्हा हलका रेनकोट आणि पायात रुळलेले बूट हवेतच. महाशिवरात्रीलाही सार्वजनिक सुट्टी असल्याने मोका येथील काम यात्रेच्या किमान आठवडाभर आधी उरकावे, म्हणजे शोध अपुरा राहिल्यास पुन्हा एकदा संग्रहात जाण्यास अवधी मिळतो.