पॉलिश मारलेलं नाणं प्रूफ म्हणून गळ्यात मारलं

सांगली-मिरजेत नाणी जमवणाऱ्यांनी हे वाचा, खास करून ज्यांनी आत्ता आत्ता प्रूफ, म्हणजे टांकसाळीनं जमवणाऱ्यांसाठी खास ठोकलेली नाणी, घ्यायला सुरुवात केलीय त्यांनी.

गांधी शताब्दीचं १० रुपयाचं चांदीचं नाणं, १९६९ चं, साधं माझ्याकडं होतं पण प्रूफ पाहिजे होतं. ओळखीतून एकाचा फोन आला, विश्रामबागला भेटलो. नाणं असलं चकाकत होतं की बघतच राहिलो. पण डबी, टांकसाळीचं पाकीट काहीच नाही. विचारलं तर म्हणाला वडिलांचं होतं, २०१९ च्या पुरात सगळं भिजलं, नाणं तेवढं वाचलं. आता आमच्या घरातच तेव्हा छातीएवढं पाणी होतं, कपाटातले फोटोसुद्धा गेले, पुराचं नाव काढल्यावर मी पुढं काय विचारणार. सराफाकडं वजन केलं, बरोबर १५ ग्रॅम. ६,५०० रुपये रोख देऊन टाकले.

चार महिन्यांनी मिरजेच्या एका काकांना दाखवलं, ते माझ्या आधीपासून जमवतायत. त्यांनी नाणं कडेनं धरलं, दिव्याखाली तिरकं केलं आणि बराच वेळ गप्पच बसले. मग स्वतःचं प्रूफ काढून शेजारी ठेवलं. तेव्हा कळलं हो. खऱ्या प्रूफला साचाच पॉलिश केलेला असतो, नाणं एकापेक्षा जास्त वेळा ठोकतात, म्हणून मोकळी जागा आरशासारखी आणि चेहरा मात्र दुधाळ, बर्फ पडल्यासारखा. माझ्या नाण्यावर गांधीजींचा चेहराही तेवढाच चकाकत होता, १८६९-१९४८ हे आकडे कडांना गोल झालेले, आणि भिंगातून बघितलं तर सगळीकडं एका दिशेनं बारीक ओरखडे. साधं नाणं बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, घासलेलं होतं. चांदी ८० टक्के, ती खरीच, म्हणून वजनात काही सापडलं नाही, एवढ्या घासण्यानं वजनात कळण्याइतका फरक पडतच नाही. आणि मुंबई टांकसाळीच्या त्या प्रूफवर इंग्रजी बी अशी खूण असते, ती माझ्या नाण्यावर नव्हतीच, घरी कॅटलॉग असून मी घ्यायच्या आधी उघडला नव्हता.

त्या माणसाला फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला तुम्ही बघून घेतलंय, नंतर उचलायचंच बंद केलं. पावती नाही, काही नाही. पैशाचं वाईट वाटतंच, पण जास्त लागलं ते नाण्याचं. पन्नास वर्षं टिकलेली मूळ झळाळी कुणीतरी पाच मिनिटांत घासून टाकली, ती आता कशानंही परत येत नाही, आज त्याला वितळवायच्या भावापलीकडं फारसं कुणी देणार नाही. म्हणून घरातली नाणी चिंच, टूथपेस्ट, ब्रासो कशानंही घासू नका, काळी पडली तरी तशीच राहू द्या. आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकट थर येतो, कडक कॅप्सूल आणि सिलिका जेलची पुडी बास.

विकणारा डबी नाही म्हणाला तर कारण काहीही सांगू दे, अगदी पुराचं सांगू दे, तुम्ही आधी चेहरा दुधाळ आहे का बघा, खूण बघा, पावतीवर प्रूफ असं लिहून मागा. माझं ते नाणं मी विकलेलं नाही, साध्या नाण्याच्या शेजारी ठेवलंय. ज्याला फरक हातात घेऊन बघायचाय त्यानं कळवा, रविवारी सकाळी मी घरीच असतो.